जळक्या खोबरेलाचा वास

जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल असतो ना, तिथल्या बंदुकीचा वास कधी घेतलाय? नसेलच. कुणी घेत नाही. वीस-तीस रुपये द्यायचे, फळ्यावरच्या फुग्यांवर नेम धरायचा, निम्मे चुकवायचे, 'नळीच वाकडी आहे' असं म्हणायचं आणि भेळेकडे वळायचं. पुढच्या वेळी जरा थांबा. बार झाल्यावर स्टॉलवाला नवा छर्रा घालायला बंदूक मधोमध मोडतो, तेव्हा नळीच्या तोंडातून कधी कधी धुराची बारीक निळसर रेघ निघते. तिला तेल जळल्याचा वास असतो. पण तो गॅरेजमधल्यासारखा नसतो. फोडणीत काहीतरी भलतंच पडल्यासारखा असतो.

आता गंमत बघा. एअरगनमध्ये दारू नसते, म्हणजे बंदुकीची दारू. काडी नाही, ठिणगी नाही, नुसती हवा. मग जळलं काय?

हा प्रश्न मला पडायला वयाची तिशी उलटावी लागली. आणि पडला तोही आमच्या घरातला तो वास मी स्वतःच्या हाताने पुसून टाकल्यावर.

आमचं घर गुहागर तालुक्यात. मागे परडं, त्यात माड, फणस, चार कलमं आणि वानरं. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईतल्या छापखान्यातली नोकरी संपवून गावी परतले तेव्हा सामानात एक लांबट पोतडी होती. तिच्यात १९६० च्या सुमारास मुंबईत घेतलेली जर्मन बनावटीची एअरगन. डायना, मॉडेल २७. गावात सगळे तिला 'अण्णांची छऱ्याची बंदूक' म्हणायचे. लाकडी दस्ता, काळी नळी आणि नळीमागच्या जाड नळकांड्यावर कोरलेली एक बाई. ही बाई म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवता डायना. तिने एका हाताने एअरगन उंच धरलीय आणि दुसऱ्या हाताने आपलं धनुष्य फेकून दिलंय. 'आता ह्याची गरज नाही' असा तिचा आविर्भाव. लहानपणी मला ती जाहिरात वाटायची नाही, खरीच देवी वाटायची.

अण्णांनी वानरांना छर्रा कधी लागू दिला नाही. फणसाला एक पत्र्याचा डबा टांगलेला होता, त्यावर मारायचे. टण्ण आवाज झाला की वानरं पळायची. काही वर्षांनी ती पळेनाशी झाली, नुसती मान वळवून बघायची. तरी अण्णा मारायचेच.

रविवारी सकाळी बंदुकीला तेल. बंदूक मोडायची, नळकांड्याच्या तोंडाशी जे बारीक भोक असतं त्यात खोबरेलाचे दोन थेंब सोडायचे, ती उभी करून ठेवायची आणि चहा घ्यायचा. मग पहिला बार. ह्या पहिल्या बाराला आवाज नेहमीपेक्षा मोठा यायचा आणि धूर इतका, की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाला का तुमचा होम सुरू?" डोक्याला लावायचं खोबरेल बंदुकीला पाजतात ह्याचा तिला मनापासून राग होता.

खोबरेलच का? ज्यांच्या घरी कधी वातीचा नाही तर पंपाचा घासलेटचा स्टोव्ह होता त्यांना हे सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. त्या स्टोव्हच्या पंपात टोकाला वाटीच्या आकाराचा चामड्याचा वायसर असायचा. दट्ट्या पुढे ढकलला की वायसर फुगून भिंतीला चिकटायचा आणि हवा मागे सुटायची नाही. वायसर सुकला की पंप फुसका. मग त्याला खोबरेलाचे थेंब द्यायचे, चामडं मऊ पडायचं आणि पंप पुन्हा हवा धरायचा. सायकलच्या पंपाचं तेच. जुन्या एअरगनच्या पोटातही तसाच, फक्त जरा जाड, चामड्याचा वायसर असतो. अण्णांनी स्टोव्हचं शहाणपण बंदुकीला लावलं, एवढंच. थंडीत मात्र ते फसायचं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. पौषातल्या सकाळी बंदूक आजारी असायची, छर्रा डब्यापर्यंत कसाबसा पोचायचा. अण्णा तिला उन्हात ठेवायचे.

अण्णा २००९ साली गेले. पुढे पाच वर्षांनी मी ती बंदूक पुण्याला नेली.

त्या काळात मला यूट्यूबवर गंजलेल्या वस्तू चकचकीत करण्याचे व्हिडिओ बघायचं व्यसन लागलं होतं. तुम्हीही बघत असाल. गंजका अडकित्ता येतो आणि वीस मिनिटांनी आरसा होऊन जातो. मी बंदूक पूर्ण खोलली. दोन रविवार लागले. स्प्रिंग पेट्रोलमध्ये बुडवली, नळकांडं रॉकेलने आतून घासलं, दस्त्यावरचा काळा थर थिनरने काढून त्यावर नवं पॉलिश चढवलं. पिस्टनच्या टोकाचा तो वायसर निघाला तेव्हा जुन्या आमसुलासारखा दिसत होता, काळा, आक्रसलेला, कडांना तुटलेला. फेकला. त्याच्या जागी ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिकचं सील बसवलं आणि आत कोरडं, काळं, आधुनिक ग्रीस. बंदूक झकास चालायला लागली. आवाज कमी, झटका कमी, नेम अचूक. फोटो टाकले, लाइक आले.

त्याच महिन्यात आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. मी कौतुकाने बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. तिने दस्त्यावरून हात फिरवला, थोडी वाकली आणि म्हणाली, "ही कुणाची?"

"आपलीच, आजी. अण्णांची."

"नव्हे. ह्यांची नव्हे ही." आणि बंदूक परत माझ्या हातात दिली. मी तिला दस्त्यावरचा खोल ओरखडा दाखवला, कोरलेली देवी दाखवली. डोळ्यावर पट्टी होती, दिसणार काय? तिला जे कळलं ते नाकाने कळलं होतं. मीही नळी मोडून वास घेतला. काहीच नव्हतं. नव्या मिक्सरच्या खोक्याला येतो तसा किंचित प्लास्टिकचा वास, बस.

२०१७ साली नोकरीने मला जर्मनीत कार्ल्सरूहला नेलं. तिथून लोकल गाडीने थोड्याच अंतरावर, मुर्ग नदीकाठी, रास्टाट नावाचं गाव आहे. आमच्या बंदुकीवर हे नाव मी लहानपणापासून वाचत आलो होतो. डायना बनवणारी मायर आणि ग्रामेलश्पाखर ही कंपनी इथे १८९० साली सुरू झाली. आज हे गाव मोटारींच्या मोठ्या कारखान्यासाठी ओळखलं जातं. मी पहिल्याच रविवारी गेलो. राजवाडा बघितला, केक खाल्ला, परत आलो. बंदुकीचं काही हाती लागलं नाही.

लागलं ते दुसऱ्या एका गावच्या जुन्या बाजारात. जर्मनीत १९७० पासून एअरगनच्या ताकदीवर मर्यादा आणि तिच्यावर पंचकोनातला 'एफ' हा शिक्का आला. त्याआधीच्या बंदुका ह्या नियमातून सुटल्या. त्यामुळे जुन्या एअरगन जमवणारे तिथे बरेच आहेत, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. अशाच एका आजोबांच्या टेबलावर सात-आठ बंदुका मांडलेल्या होत्या आणि त्यात एक मॉडेल २७. मी ती उचलून नळकांड्याच्या मागच्या टोकाला कोरलेले महिन्याचे आणि वर्षाचे बारीक आकडे शोधू लागलो. युद्धानंतरच्या डायनावर ते असतात. आजोबांनी मला थांबवलं, बंदूक घेतली, नळी मोडली आणि उघडं तोंड माझ्या नाकाशी धरलं. म्हणाले, आधी वास घे, आकडे खोटे नसतात पण सगळं सांगत नाहीत.

बडीशेप! अगदी जेवणानंतरची बडीशेप, आणि तिच्या मागे ओल्या मोज्यांचा एक कुबट पदर. ते बालिस्टोल नावाचं तेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन सैन्यासाठी बनवलेलं, बंदुकीच्या लोखंडाला, दस्त्याच्या लाकडाला आणि चामड्याच्या पट्ट्याला एकच तेल चालावं म्हणून. आजही मिळतं. जर्मन घरातल्या जुन्या बंदुकीला हा वास हमखास येतो असं ते म्हणाले. मग त्यांनी मला टेबलावरच्या बाकीच्या बंदुका हुंगायला लावल्या. एकीला गवती चहाच्या जवळचा वास. ते थ्री-इन-वन, १८९४ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सायकलींसाठी निघालेलं तेल, ज्यात सिट्रोनेलाचा सुगंध असायचा. एक ब्रिटिश बंदूक होती, तिला शिळ्या चरबीसारखा. ते गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल. इंग्लंडमध्ये घोड्यांचं खोगीर, लगाम मऊ ठेवायला वापरतात आणि तेच बंदुकीच्या वायसरलाही. अमेरिकेहून आलेल्या बंदुकांना म्हणे कधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, कारण १९०३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या 'हॉपीज नंबर नाइन' ह्या नळी साफ करायच्या द्रावणात केळ्याच्या वासाचं रसायन असायचं.

मी त्यांना खोबरेलाचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. विचारलं, त्या बंदुकीचा वायसर अजून आहे ना? मी म्हटलं, फेकला. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परत आल्यावर मी वाचायला लागलो. आणि सगळ्यात आधी हे कळलं की हवेच्या बंदुकीचा मूळ गुणच मुळी वास नसणं हा होता.

१७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल घेतली. तिचा दस्ता म्हणजेच लोखंडी टाकी. ती हातपंपाने भरायला हजाराहून जास्त वेळा पंप मारावा लागे, पण एकदा भरली की वीसेक गोळ्या धडाधड सुटत. धूर नाही, वास नाही, शत्रूला कळत नाही कुठून आली. १८०३ ते १८०६ मध्ये मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क अमेरिका ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेले, तेव्हा लुइसने जवळ एक एअरगन बाळगली होती आणि वाटेतल्या आदिवासी जमातींना ती चालवून दाखवून थक्क केलं होतं. ठिणगीशिवाय, धुराशिवाय गोळी सुटते ह्याचंच ते नवल होतं.

मग वास आला कुठून? तो आला स्प्रिंगबरोबर. टाकी भरायचा पंप सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वस्त बंदुका आल्या, त्यांत टाकी नव्हती, प्रत्येक बाराला स्प्रिंगच हवा दाबायची. अमेरिकेत मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीने १८८० च्या दशकात पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला खेळण्यातली एअरगन भेट द्यायला सुरुवात केली. लोकांना पवनचक्कीपेक्षा बंदूकच जास्त आवडली. १८९५ मध्ये कंपनीने आपलं नावच बदलून बंदुकीचं घेतलं, डेझी. जर्मनीत डायना. आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमची बीएसए. हो, तीच, मोटरसायकलवाली. तिच्या नावातला 'एसए' म्हणजे स्मॉल आर्म्स, हत्यारं. लिंकन जेफ्रीज ह्या बर्मिंगहॅमच्याच बंदूक कारागिराच्या १९०४ च्या पेटंटवरून बीएसएने १९०५ मध्ये एअर रायफल बाजारात आणली. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या पबमध्ये तेव्हा एअर रायफलचे क्लब चालत. सहा यार्डांवर लोखंडी चकती, मधोमध बोटभरही नाही एवढं भोक, छर्रा त्यातून गेला की मागची घंटा वाजायची. कारखान्यात दिवसभर घाम गाळून आलेले लोक बिअर पीत घंटा वाजवत बसायचे. तिथला वास मला कल्पनेतच घ्यावा लागतो, पण तंबाखू, सांडलेली बिअर आणि जळकं तेल एवढं तर नक्की.

तर जळायचं काय? मोठ्या स्प्रिंगने पिस्टन पुढे फेकला जातो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात समोरची हवा चिमूटभर जागेत कोंबली जाते. इतक्या झटक्यात दाबलेली हवा भयंकर तापते, काहीशे अंशांपर्यंत. खोबरेल पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या आसपासच धुरायला लागतं. म्हणजे चामड्यात मुरलेलं तेल प्रत्येक बाराला धुरतं, आणि जास्त असलं तर चक्क पेटतं. हेच तत्त्व रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनात वापरलं, म्हणून एअरगनवाले ह्याला डिझेलिंग म्हणतात. आपल्या एसटीत आणि अण्णांच्या बंदुकीत हे साम्य आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

पण पुढचं वाचून मी खरा चाट पडलो. इंग्लंडमध्ये कार्डयू नावाच्या बापलेकांनी ह्या बंदुकांवर घरच्या घरी प्रयोग केले आणि १९७० च्या दशकात त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी स्प्रिंगची बंदूक साध्या हवेऐवजी नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली. नायट्रोजनमध्ये काही जळत नाही. छर्ऱ्याचा वेग चांगलाच घसरला. म्हणजे ताकदीच्या बंदुकीत थोडंसं तेल जळणं हा बिघाड नाही, तो बाराचा भाग आहे. छर्ऱ्याला ढकलणाऱ्या जोरात त्या जळण्याचा वाटा आहे. जास्त तेल मात्र घातक, त्याने स्फोटासारखा धक्का बसून स्प्रिंग तुटते. अण्णांचा तो रविवारचा पहिला मोठा बार त्याच जातीचा, आणि आज कुठलाही जाणकार त्यांना त्याबद्दल फैलावर घेईल.

पण मुद्दा असा की तो वास बंदुकीला लागलेला नव्हता. कपाटातल्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास लागतो, तसा हा नव्हे. ती चालत होती म्हणून तो येत होता. मी मळ म्हणून जे काढलं ते तिचं इंधन होतं. पन्नासेक वर्षांचं खोबरेल त्या आमसुलात मुरलेलं होतं.

जुन्या वस्तूंच्या जगात लाकडाचा रंग, लोखंडाचा निळसरपणा, मूळ खोकं, मूळ पावती ह्यांची किंमत होते. वासाची होत नाही, कारण तो कॅटलॉगमध्ये लिहिता येत नाही आणि खोक्यात जपता येत नाही. तरी त्या बाजारात मी बघितलंय, माणसं बंदूक उचलली की आधी नळी मोडतात आणि वाकतात. एकदा मी तिथून एक जुना छर्ऱ्यांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकण उघडलं, आत शिशाची राखाडी भुकटी. लहानपणी आम्ही छर्रे तोंडात धरायचो, भराभर भरता यावेत म्हणून. जिभेवर गोडसर लागायचे. शिसं हे विष आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी असा डबा असेल तर हात धुवा.

लोखंडाच्या वासाचंही एक. नळी हातात घेऊन नेम धरला की तळव्याला जो थंड, तुरट वास यायचा, तो मला कायम अण्णांच्या हाताचा वाटायचा. २००६ साली डीटमार ग्लिंडेमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. लोखंडाला स्वतःचा वास नसतो. घामट हात लोखंडाला लागला की कातडीवरच्या तेलकट द्रव्यांचं विघटन होऊन काही वासाची रसायनं तयार होतात, त्यातलं मुख्य रसायन अळंब्यांतही असतं. आपण ज्याला लोखंडाचा वास म्हणतो तो आपल्याच कातडीचा. म्हणजे तो अण्णांचा हात नव्हताच, माझाच होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. मी अकरा वर्षांचा असताना त्या बंदुकीने एक बुलबुल मारला. डब्यावर नेम धरलेला नव्हता, बुलबुलावरच धरला होता. तो पडला तेव्हा नळीतून खोबरेलाचा धूर येत होता. शेपटीखालचा लाल पिसांचा झुपका अजून तसाच लाल होता. अण्णा ओरडले नाहीत. बंदूक माझ्याकडून घेतली, माळ्यावर ठेवली आणि त्या वर्षी वानरांना नुसते दगड मारले. खोबरेल करपल्याचा वास आला की मला त्यांचा रविवारचा चहा आठवतो आणि हेही आठवतं, दोन्ही एकदमच. निवडता येत नाही.

सलीम अलींची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. मुंबईत खेतवाडीत मामांकडे वाढणारा हा मुलगा, खेळण्यातल्या एअरगनने चिमण्या मारायचा. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड ह्यांनी पक्षी ओळखला आणि मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले खण उघडून दाखवले. भारतातलं पक्ष्यांचं सगळ्यात मोठं नाव त्या खणांतून निघालं. १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्याच चिमणीवरून ठेवलं. ही गोष्ट नेहमी सुखान्त म्हणून सांगतात. चिमणीच्या बाजूने ती तशी नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली सरकारने गावोगाव लोकांना एअरगन स्वतःहून जमा करायचं आवाहन केलं, कारण रानातले पक्षी दिसेनासे झाले होते. शेकडो लोकांनी आणून दिल्या. त्या ढिगातल्या प्रत्येक बंदुकीला कुठल्या ना कुठल्या घरचं तेल असणार, मोहरीचं नाहीतर शिलाई मशीनचं. मी जमवणारा माणूस, पण तो ढीग बघून मला हळहळ वाटली नाही.

रास्टाटची बंदूकही एकदा अशीच गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे गाव फ्रेंचांच्या ताब्यात आलं, बंदुका बनवायला बंदी झाली आणि डायनाची यंत्रं युद्धाची भरपाई म्हणून ब्रिटनला गेली. स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीने त्यावर 'डायना' ह्याच नावाने एअरगन काढल्या. १९५० च्या सुमारास रास्टाटमध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये आपलंच नाव वापरायची सोय नव्हती. मूळ कंपनीला तिथे 'ओरिजिनल' ह्या नावाने माल विकावा लागला, १९८० च्या दशकात नाव परत मिळेपर्यंत. यंत्रं तीच, नाव तेच, आणि तरी 'ही ह्यांची नव्हे'. हे वाचताना मला आजीच आठवली.

२०१९ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बंदूक बरोबर नेली होती. बाजारात सायकल आणि स्टोव्ह दुरुस्तीचं एक दुकान अजून आहे. स्टोव्ह आता येत नाहीत, पण म्हाताऱ्या मालकाकडे चामडं होतं, फवारणीच्या पंपांना लागतं. मी त्याला पिस्टन दाखवला. तो म्हणाला, "कुठल्या स्टोव्हचा हा? एवढा मोठा?" मी सांगितलं. हसला. चामड्याची चकती कापली, पाण्यात भिजवली, लोखंडी साच्यात दाबून तिची वाटी केली आणि दुसऱ्या दिवशी वाळवून दिली. पैसे घेतले चाळीस रुपये. रात्रभर ती वाटी मी खोबरेलात बुडवून ठेवली. प्लास्टिकचं सील काढलं, ग्रीस पुसलं, वायसर बसवला.

हे काही मूळचं परत आणणं नव्हे. बाजारातल्या आजोबांनी ह्याला नक्कल म्हटलं असतं, आणि ते बरोबर होतं. नवं चामडं, दुकानातलं पॅकबंद खोबरेल. अण्णांचं घाण्यावरचं होतं.

आजी तेव्हा नव्वदीपलीकडे होती. कोण कधी गेलं आणि कोण आहे ह्याची तिच्या मनात सरमिसळ व्हायला लागली होती. पडवीत बसलेली असायची. मी परड्यात गेलो. फणसाला डबा नव्हता, रंगाचा एक रिकामा डबा टांगला. नळी मोडली, छर्रा घातला, बार काढला. जत्रेत येतो त्याच्या दुप्पट आवाज झाला आणि नळीतून भसकन धूर आला. डबा चुकला.

धूर पडवीच्या दिशेने गेला. मी बघत होतो. आजीने मान वर केली, थोडा वेळ तशीच राहिली.

"खोबरं करपलं बघ कुणाचं तरी," ती काकूला म्हणाली. मग परड्याकडे हात करून, "आणि त्यांना सांग, गेली वानरं. आता पुरे म्हणावं."

काकू खरंच चूल बघायला आत गेली.